संगप्पाकाकांच्या बेटाचं पाणी कुणी पळवलं?

‘मनोहर समुद्रकिनारा’ या पाटीतला शेवटचा काना रंगवून होईपर्यंत समुद्र आणखी थोडा मागं सरकला होता.

दाक्षायणीनं ब्रश रंगाच्या डब्यात आपटला. काल संध्याकाळी तिनं पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवली होती. आज काठी एकटीच उभी होती, पाणी तिच्यापासून लांब गेलं होतं आणि मधल्या काळ्या चिखलात तिचा धाकटा भाऊ भीमा गुडघ्यापर्यंत रुतून बसला होता.

“ताई, माझी चप्पल आत गेली,” भीमा म्हणाला.

“तू आत जाऊ नकोस म्हणजे मिळवली. काका, पाणी परत कमी झालंय!”

“अगं, तू पाटीचं बघ की. पाण्याचं मी बघतो,” लांबून संगप्पाकाका म्हणाले.

मुलं आल्यापासून काका पाण्याचं बघतच होते, आणि पाणी काही त्यांना जुमानत नव्हतं.

या सगळ्याचं मूळ उन्हाळ्यातल्या एका सहलीत होतं. काका सोलापुरात चादरींचा व्यापार करायचे. बाजारातल्या व्यापाऱ्यांबरोबर ते दीवच्या बेटावर जाऊन आले आणि परत आले ते काळा गॉगल आणि गवताची टोपी घालूनच. तिथला किनारा असा, तिथला किल्ला असा, संध्याकाळी दिव्यांच्या माळा आणि गाणंबजावणं असं, हे ऐकून ऐकून घरातल्यांचे कान किटले. मग एक दिवस जेवताना काकांनी विचारलं, “सोलापूरच्या माणसानं बेट बघायला एवढ्या लांब का जायचं? आपल्याकडं तळं आहे की!”

तळं होतं. अक्कलकोटच्या वाटेवर काकांचं शेत होतं, शेताला लागून गावाचं जुनं तळं होतं, आणि पाऊस चांगला झाला की काकांच्या मालकीचा एक उंचवटा तळ्याच्या मधोमध बेटासारखा उभा राहायचा. मोठ्या दुष्काळात त्याच तळ्याच्या तळाशी मुलं क्रिकेट खेळली होती. पण यंदा तळं काठोकाठ भरलं होतं आणि काकांचं डोकंही.

दिवाळीची सुट्टी लागली तशी दाक्षायणी आणि भीमाची रवानगी काकांच्या शेतावर झाली. “बेटावर मजा करा,” असं आईनं सांगितलं होतं. मजा म्हणजे भीमा नदीची वाळू घमेल्यांनी उतरवून किनारा तयार करायचा, पिंपात लावलेल्या नारळाच्या रोपांना पाणी घालायचं आणि सातवीतल्या दाक्षायणीचं अक्षर चांगलं म्हणून तिनं पाट्या रंगवायच्या. काकांचा मुलगा बसू आठवीत होता. त्याचं अक्षर वाईट होतं म्हणून तो देखरेख करायचा. दाक्षायणीला याचा फार राग यायचा.

“बेट म्हटलं की किनारा पाहिजे, वारसा पाहिजे आणि नाइट लाईफ पाहिजे,” काका म्हणायचे. किनारा वाळूचा झाला होता. नाइट लाईफ म्हणजे मांडव, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, पेटीवादन आणि मसाला दूध. राहिला वारसा. तो काकांना दसऱ्याच्या सुमाराला तळ्यातच सापडला. तळ्याच्या बांधाला जुन्या दगडी पायऱ्या होत्या. तिथं कमरेएवढ्या पाण्यात, एका कोनाड्यात कुंकवानं माखलेला काळा दगड उभा होता. काकांच्या महिपती नावाच्या गड्यानं दोर बांधून, बैलजोडी लावून तो ओढून काढला आणि बेटावर आणला. पण दगड काही उभा राहीना. त्याचा बुडखा भोवऱ्यासारखा निमुळता होता. मग चारी बाजूंनी विटा रचून त्याला उभं केलं आणि शेजारी दाक्षायणीनं रंगवलेली पाटी लागली, ‘प्राचीन वारसा’.

रविवारी बेटाचं उद्घाटन होतं. कापडबाजारातले सगळ्यांत वडीलधारे आबासाहेब आणि बरीच मंडळी येणार होती. आणि समुद्र रोज मागं जात होता.

“मला चोर सापडलाय,” त्या दिवशी दुपारी काका गॉगल कपाळावर चढवून म्हणाले. “ती बजाबाई!”

बजाबाईचं रान बांधाच्या पलीकडं, खालच्या अंगाला होतं. तिच्या दोन म्हशी काकांच्या शेतातल्या वाटेनं रोज तळ्यावर पाण्याला यायच्या, आणि त्यांचंच दूध मुलं सकाळ-संध्याकाळ पीत होती. काकांनी तिला बोलावून घेतलं.

“माझं तळं आटतंय आणि तुझ्या रानाशेजारचा ओढा वाहतोय. पावसाळा संपून किती दिवस झाले? हे कसं काय?”

“ते मला काय ठावं?” बजाबाई पदर खोचत म्हणाली. “मी काय बादलीनं तळं उपसलं व्हय? माज्याकडं ना इंजान, ना मोट.”

“ते काही नाही. रविवारपासून या वाटेवर काटेरी कुंपण. तळ्यावर म्हैस दिसता कामा नये. तशीही पाहुण्यांसमोर किनाऱ्यावर म्हशी बऱ्या दिसत नाहीत.”

“आन् म्हशी पानी कुटं प्यायच्या? गावच्या हिरीचं पानी खारं. त्याला तोंड लावीत न्हाईत त्या. मग दूध कशाचं निघंल? म्या काय खाऊ?”

काकांनी गॉगल खाली घेतला. बजाबाई म्हशींना हाकत निघून गेली. दाक्षायणीला काकांचा इतका संताप आला की तिनं ब्रश धुतलासुद्धा नाही.

“बजाबाई खोटं बोलत नाही,” ती संध्याकाळी बसूला म्हणाली.

“तुला काय माहीत? पाण्याची वाफ होते. शास्त्रात आहे.”

“वाफ दिवाळीच्या थंडीत एवढी होते होय? मग मेमध्ये तर तुझ्या शास्त्रानं समुद्रच आटला असता.”

बसू गप्प बसला. तो गप्प बसला की काहीतरी खरं सापडलंय असं समजायचं, हा दाक्षायणीचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं बांधावर चढून पलीकडं उतरली. बजाबाईच्या रानात पाट नव्हता, चर नव्हता, बादलीसुद्धा नव्हती. पण रानाच्या कडेनं ओढा मात्र खरंच झुळझुळत होता आणि त्यात पांढरेशुभ्र बगळे रांगेनं उभे होते.

“बगळे तळ्यावर असतात ना?” भीमानं विचारलं. “इथं का आले?”

“तळ्यावर तुझ्यासारखे चिखलात नाचतात म्हणून,” बसू म्हणाला.

दाक्षायणी मात्र ओढ्याच्या कडेनं वर वर चालत गेली. ओढा लांबून कुठून येतच नव्हता. तो बांधाच्या पायथ्याशी, बाभळीच्या जाळीखालून, दगडांच्या फटीतून निघत होता. वर कोरडं ठणठणीत होतं.

“पाणी बांधाच्या पोटातून येतंय,” ती म्हणाली. “म्हणजे तळ्यातूनच. पण तळ्यात ते शिरतंय कुठून?”

“बांध केवढा लांब आहे. सगळा चाचपत बसणार का?” बसू वैतागला.

दाक्षायणीनं मांडवाकडं पाहिलं. तिथं पाडव्याची झेंडूची तोरणं सुकून लोंबत होती, आणि काकूंनी ती काढून टाकायला तिलाच सांगितलं होतं. एकाच कामात दोन कामं होणार म्हणून तिला पहिल्यांदाच बरं वाटलं. सगळी तोरणं तोडून तिनं फुलं टोपलीत भरली, महिपतीला तराफा वल्हवायला लावला आणि तळ्याच्या मध्यावर जाऊन टोपली पाण्यात उपडी केली.

“ताई, खेळ बरा हाय तुमचा,” महिपती म्हणाला. तो मोडनिंबचा. या गावात त्याला येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि काकांनी सांगितलेलं सोडून कशातही तो लक्ष घालायचा नाही.

फुलं आधी इकडं तिकडं पसरली. मग हळूहळू सगळी एकाच दिशेला, बांधाच्या जुन्या पायऱ्यांकडं निघाली.

“वाऱ्यानं,” बसू म्हणाला. तेवढ्यात बेटावर उभ्या असलेल्या काकांची गवती टोपी वाऱ्यानं उडाली आणि बरोबर उलट्या दिशेला, बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडली.

दाक्षायणीनं भीमाला ओढ्यावर पिटाळलं आणि ती बसूबरोबर पायऱ्यांवर येऊन थांबली. झेंडू लव्हाळ्यात शिरले, गोल गोल फिरले आणि एकेक करून नाहीसे झाले. बराच वेळ गेला. बसूनं तीनदा जांभई दिली. आणि मग बांधापलीकडून भीमाची हाक आली, “ताई! पाकळ्या आल्या! पिवळ्या पाकळ्या!”

दोघांनी लव्हाळं बाजूला सारलं. मागं पायरीला लागून दगडी कोनाडा होता. पाणी उतरून आता जेमतेम गुडघाभर राहिलं होतं. खालच्या फरशीत एक गोल भोक दिसत होतं आणि पाणी भिंगरीसारखं फिरत त्यात उतरत होतं.

“बघू खोल किती आहे ते,” म्हणत बसूनं रबरी चपलेनं ते चाचपलं आणि चप्पल भोकावर जी चिकटली, ती काही केल्या सुटेना. शेवटी दोघांनी मिळून ओढली तेव्हा ती सुटली आणि दोघंही पाण्यात बसली.

दाक्षायणीच्या हाताखाली काहीतरी टोचलं. हिरव्या बांगडीचा तुकडा होता. कोनाड्यात असे कितीतरी तुकडे पडले होते.

“या कोनाड्यातच तो दगड होता,” ती हळू आवाजात म्हणाली. “काकांचा वारसा.”

ओल्या कपड्यांनी ती तशीच बेटावर धावली. बसूनं विटा बाजूला केल्या. दगडाच्या वरच्या भागाला कुंकू होतं, पण निमुळत्या बुडख्याभोवती कुंकवाचा कणही नव्हता. तिथं वाळलेल्या चिखलाचं कडं होतं आणि त्यात अंबाडीचे दोरे माखलेले होते.

“म्हणूनच हा उभा राहत नाही,” दाक्षायणी म्हणाली. “हा उभा राहायला केलेलाच नाही. हा भोकात बसवायला केलाय. बसू, तुझ्या अप्पांनी तळ्याचं बूच काढून आणलंय आणि मला त्याच्यावर पाटी लिहायला लावलीय!”

तिघं मिळून काकांकडं गेली. काका पेट्रोमॅक्स पेटवून बघत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

“बूच? दीवच्या बेटावर केवढा किल्ला आहे, आणि माझ्याकडं बूच? कुंकू लावतात कशाला मग बुचाला?”

“काका, तुम्ही नुसतं भोक तरी बघायला चला.”

“रविवार तोंडावर आलाय आणि मी भोकं बघत फिरू? आबासाहेबांना मी वारसा दाखवायचं कबूल केलंय. त्या दगडाला कुणी हात लावायचा नाही. आणि बजाबाईची बाजू घ्यायची नाही. जा, चिमण्या पुसा बत्त्यांच्या.”

दाक्षायणीच्या डोळ्यांत पाणी आलं. चूक यांनी करायची, चोर बजाबाईनं व्हायचं आणि चिमण्या आपण पुसायच्या! सावित्रम्माकाकू चुलीपाशी शेंगांची चटणी कुटत होत्या. त्या तरी कुठं खूश होत्या? “देवाला पाण्यातून उपटून आणलाय,” त्या पुटपुटल्या. “ना अंघोळ, ना नैवेद्य. मी रोज लांबूनच पाया पडते बाई.”

दाक्षायणीनं डोळे पुसले. मग ती काकूंच्या जवळ सरकली आणि बराच वेळ त्यांच्या कानाशी कुजबुजत राहिली. उखळातला मुसळाचा आवाज थांबला. काकू आधी घाबरल्या आणि मग हसल्या.

रात्री जेवताना काकू म्हणाल्या, “अहो, उद्घाटनाच्या दिवशी देवाला वाजतगाजत अंघोळ घालायला नको? पाहुण्यांनाही बघायला मिळेल. गावातल्या बायका बोलावू. ओटी भरतील.”

काकांचा घास हातातच राहिला. “मिरवणूक! दीवला असं काही नव्हतं. झकास!”

दुसऱ्या दिवशी दाक्षायणी बजाबाईकडं गेली. कोनाड्यातला दगड बेटावर आहे हे ऐकताच बजाबाई मटकन खाली बसली. “मोरीची आई उचलली? आगं, तळ्याला पानी लागायच्या आदी आमी बाया तिला चिखुल-अंबाडी लावून पानी सोडायच्या मोरीच्या तोंडात बसवतो, वटी भरतो. मग पुन्ना साल न्हाय बघत कुनी. तुज्या काकाला कुनी सांगितलं न्हाय व्हय?”

“आम्ही सांगितलं. ते ऐकत नाहीत. म्हणून तुम्ही रविवारी या. चिखल आणि अंबाडी घेऊन या.”

“मला चोर म्हन्ला त्यो. मी न्हाय यायची.”

“आजी, तुम्ही नाही आलात तर दगड तिथंच राहील आणि चोरपण तुम्हीच राहाल.”

बजाबाई उठली आणि तिनं आढ्याला खोचलेली अंबाडीची जुडी खाली काढली.

रविवारी मंडळी ट्रकमधून आली. तराफा काठापासून निघाला आणि बेट पुढ्यात दिसत असतानाच चिखलात रुतला. धोतर गुडघ्यापर्यंत उचलून, काठी टेकत आबासाहेब चिखलातून बेटावर पोचले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“संगप्पा, तुझा समुद्र कुठाय?”

“आहे की, आबासाहेब. जरा ओहोटी लागलीय.”

सोलापुरात ओहोटी! दाक्षायणीला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं काकूंकडं पाहिलं. काकूंनी मान हलवली आणि गावातल्या डफ-सनईवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली.

दगड फळीवर ठेवून गड्यांनी तराफ्यावर चढवला. तराफा खोल पाण्यातून पायऱ्यांपाशी आला, आणि मागोमाग पाहुणे चिखल तुडवत बांधावरून चालत आले. तिथं गावातल्या बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. एकीचा पदर नाकापर्यंत ओढलेला होता. काकांनी तिला ओळखलं नाही, कारण काकांनी पुन्हा गॉगल लावला होता.

“देवाला आधी जागेवर बसवायचं, मग अंघोळ. अशी पद्धत आहे,” दाक्षायणीनं मोठ्यानं सांगितलं.

“अशी पद्धत आहे?” काकांनी विचारलं.

“आहे,” काकू इतक्या ठासून म्हणाल्या की पुढं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

बायकांनी दगडाच्या बुडख्याला चिखल थापला, वर अंबाडी गुंडाळली. महिपती आणि गड्यांनी दगड कोनाड्यात उतरवला. पाण्यानं तो खाली खेचून घेतला, गपकन आवाज आला आणि भिंगरीसारखं फिरणारं पाणी एकदम शांत झालं. बायकांनी त्याच्यावर तांब्या तांब्यानं पाणी घातलं, कुंकू लावलं, हिरव्या बांगड्या वाहिल्या.

“वा वा,” काका म्हणाले. “चला, आता वर काढा. फोटो काढायचाय.”

महिपतीनं हात घातला. मग चार गड्यांनी हात घातले. दगड तसूभरही हलेना.

“मालक, उठत न्हाय. दसऱ्याला बैलं लावली हुती तवा आला हुता.”

“नका काढू,” दाक्षायणी पुढं आली. “आबासाहेब, हे तळ्याचं बूच आहे. ते काढलं म्हणून तळं गळत होतं. आता बघा.” तिनं ताटातलं झेंडूचं फूल पाण्यात टाकलं. फूल जागच्या जागी डुलत राहिलं. “परवा अशी टोपलीभर फुलं इथं ओढली गेली आणि आत नाहीशी झाली. पाकळ्या ओढ्यात निघाल्या.”

“ओढा बारीक झाला!” बांधावरून बसू ओरडला. “बगळे उडाले!” भीमा त्याच्या मागून ओरडला.

आबासाहेब काठी टेकत बांधावर चढले. पलीकडं वाकून त्यांनी आटत चाललेला ओढा पाहिला, अलीकडं वाकून ते फूल पाहिलं आणि मग काकांकडं पाहिलं. सनईवाल्यानं सनई खाली घेतली.

पदर ओढलेल्या बाईनं पदर मागं केला. “संगप्पाशेट,” बजाबाई म्हणाली, “समद्यांच्या म्होरं सांगा. पानी कुनी चोरलं?”

काकांनी आधी आभाळाकडं पाहिलं. मग गवती टोपी काढली. मग गॉगल काढला, आणि गॉगल काढल्यावर ते अगदी साधे, घरचे काका दिसायला लागले.

“मी,” ते म्हणाले. “बजाबाई, मीच. तुमच्या म्हशी आणा. कुंपण काही मी घालत नाही.”

“मग ठीक हाय,” बजाबाई म्हणाली, आणि तिनं उरलेलं कुंकू दाक्षायणीच्या कपाळाला लावलं.

आबासाहेबांनी तिन्ही मुलांना जवळ बोलावलं. “अरे, आम्ही एवढे लोक बेट बघायला आलो आणि तळं कुठं चाललंय हे या पोरांनी बघितलं! संगप्पा, तुझी पुतणी आमच्या बाजारात पाहिजे होती. कुणाची फसवायची बिशाद नव्हती.” बसू लगेच म्हणाला, “वाऱ्याची दिशा आम्ही दोघांनी मिळून तपासली,” आणि दाक्षायणीनं आज ते खपवून घेतलं.

मग बजाबाईच्या म्हशी आल्या. त्या काकांच्या शेतातून, काकांच्या पाहुण्यांमधून वाट काढत सरळ पाण्यात उतरल्या आणि नाकपुड्या वर ठेवून निवांत डुंबत राहिल्या. ज्याच्याकडं कॅमेरा होता त्यानं पहिला फोटो त्यांचाच काढला. दिवेलागणीला बत्त्या लागल्या, पेटी वाजली आणि मसाला दूध आलं, ते बजाबाईच्याच म्हशींचं. आबासाहेबांनी दोन पेले घेतले.

मंडळी जाण्यापूर्वी काका बेटावरून ‘प्राचीन वारसा’ची पाटी उपटून घेऊन आले.

“दाक्षी, ही आता पायऱ्यांवर लावू या. तू खाली अजून एक ओळ लिही. ‘येथे हात लावू नये.’”

दाक्षायणीनं तोच न धुतलेला, कडक झालेला ब्रश उचलला. “कुणी, ते लिहू का?”

काकांनी एक मोठा सुस्कारा टाकला.

“लिही,” ते म्हणाले. “आधी माझं नाव लिही.”